कोळ्याला इशारा, शेतकऱ्याला सरासरी



कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात समुद्राच्या हवामानावर लेख कशाला, असे काहींना वाटेल. आपल्यातल्या कित्येकांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. पण पऱ्हाटीच्या मुळाशी जिरणारा पावसाचा थेंब एक तर अरबी समुद्रावरून आलेला असतो, नाही तर बंगालच्या उपसागरावरून. ज्याच्या विहिरीला पाणी आहे, कालव्याचे आवर्तन आहे, त्याचा समुद्राशी संबंध धरणामार्फत येतो. कोरडवाहू शेतकऱ्याचा संबंध थेट आहे. मध्ये कोणी नाही. म्हणून समुद्रावर काय चालले आहे, त्याची बातमी कोणाला, कोणत्या भाषेत आणि किती वेळेवर मिळते, हा प्रश्न बंदरावरच्या माणसाइतकाच आमचाही आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या सरकारी खात्याने समुद्रावर जाणाऱ्यासाठी कामाचा अंदाज तयार केला, त्याच खात्याने रानात राबणाऱ्याच्या हातावर दीडशे वर्षे सरासरी ठेवली. कोळ्याला काय करायचे ते सांगितले जाते. शेतकऱ्याला देशात किती टक्के पाऊस पडेल ते सांगितले जाते. हा फरक केवळ विज्ञानाच्या मर्यादेमुळे पडलेला नाही.

वरळीच्या चाळी कोणाच्या पैशांनी उभ्या राहिल्या?

सुरुवात मुंबईपासून करू. वरळीला जांबोरी मैदानाच्या आसपास बीडीडीच्या चाळी आहेत. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली हे खाते निघाले. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा मनसुबा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक.

या योजनेची तोंडमिळवणी कशी केली, हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. मुंबई शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया जकात बसवली. खामगावची गाठ असो, अमरावतीची असो की जळगावची, शहराच्या वेशीवर तिने रुपया मोजला. असा कर व्यापारी स्वतःच्या खिशातून भरत नसतो. तो खरेदीच्या भावातून कापून घेतो. म्हणजे त्या सिमेंटच्या भिंतींत वऱ्हाड-खानदेशच्या काळ्या मातीचा घाम आहे. आणि चाळी झाल्या तरी कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रही तिथे कोंडले.

पुढे चाळी भरल्या. कोण आले? कोकणातले आले, घाटावरचे आले, दुष्काळी पट्ट्यातले आले, गावगाड्याने वेशीबाहेर ठेवलेली कितीतरी कुटुंबे आली. पाऊस गेला की माणूस मुंबईला जातो, ही आपल्याकडची जुनी वाट. आमचा कापूस आधी गेला, मागून आमची माणसे गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्याही गेल्या. आज त्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. मिळाल्या हे चांगलेच झाले. शंभर वर्षे एका खोलीत काढलेल्यांचा तो हक्कच होता.

त्याच वरळीत, चाळीपासून थोड्या अंतरावर, किल्ल्याला लागून कोळीवाडा आहे. म्हणजे एकाच वरळीत दोन तऱ्हेची माणसे राहत आली. एक, पावसाच्या बेभरवशाला कंटाळून शेत सोडून आलेली. दुसरी, वाऱ्याच्या बेभरवशात रोज होडी लोटणारी. या दोघांना हवामान खाते काय देत आले, याचा हिशेब मांडला की आमचा मुद्दा स्पष्ट होतो.

कोळ्याला काय मिळते

हिंदुस्थानात वादळाची सूचना देण्याची व्यवस्था प्रथम कलकत्ता बंदरासाठी १८६५ साली सुरू झाली. आदल्याच वर्षी कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आदळले होते. त्यानंतर १८६६ आणि १८७१ साली पाऊस दगा देऊन गेला. या दोन कारणांपोटी, एक जहाजाचे आणि एक शेतीचे, १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. खात्याच्या जन्माच्या दाखल्यावर ही दोन नावे आहेत. हे नीट लक्षात ठेवा.

जहाजाचे काम खात्याने मनावर घेतले. बंदरांवर एक ते अकरा क्रमांकांचे बावटे ठरले. एक म्हणजे दूर समुद्रात हवा बिघडते आहे. तीन म्हणजे बंदरालाच सावधगिरी. आठ, नऊ, दहा म्हणजे महासंकट. अकरा म्हणजे हवामान कचेरीशी संपर्कच तुटला. दिवसा सुळके आणि पिंपाच्या आकाराच्या खुणा, रात्री तांबडे-पांढरे दिवे. अक्षर न येणाऱ्या खलाशालाही मान वर केली की कळावे, अशी ही रीत.

आज ही व्यवस्था आणखी बारीक झाली आहे. मुंबईत कुलाब्याला चक्रीवादळाची सूचना देणारे विभागीय केंद्र आहे. वारा ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे जाणार असेल, किंवा चार मीटर आणि त्यावरच्या लाटा उठणार असतील, तर मासेमारांसाठी वेगळा इशारा निघतो. त्यात कोणत्या किनाऱ्यालगत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, वारा किती, झोत किती, हे असते. आणि शेवटी एक वाक्य असते : समुद्रात जाऊ नये. जे गेले असतील त्यांनी परत फिरावे.

याशिवाय हैदराबादला १९९९ साली समुद्राच्या माहितीसाठी वेगळी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. उपग्रह समुद्राच्या पाण्याचे तापमान आणि पाण्यातल्या हिरव्या शेवाळकणांचे प्रमाण टिपतो. त्यावरून मासळीचा थवा कुठे असण्याचा संभव आहे, किती अंतरावर, कोणत्या दिशेला आणि किती खोलीवर, हे संस्था मासेमाराला कळवते. मराठीतही कळवते. लाट किती उंचीची, दूरच्या वादळाने उठलेली फुगोटी किनाऱ्यावर कधी आदळेल, हेही कळवते. काही बंदरांवर त्यासाठी फलक लावले आहेत.

कोळ्याचे सगळे सुरळीत आहे, असा याचा अर्थ नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आले आणि कोकणच्या होड्या समुद्रात सापडल्या. २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस ओखी आले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे मासेमार आधीच दूर गेले होते. इशारा निघाला, पण तो त्यांच्यापर्यंत पोचेल असे यंत्र त्यांच्या होडीत नव्हते. शेकडो घरे उजाड झाली. त्यानंतर ओरड झाली, आणि २०१९ साली मोबाईलच्या पल्ल्यापलीकडेही उपग्रहावरून सूचना पोचवणारे यंत्र आणावे लागले. माणसे मेल्यावर व्यवस्था सुधारते, हा आपल्याकडचा रिवाज समुद्रावरही आहे. पण सुधारली, हेही खरे आहे. आणि ती मासेमारांनी आवाज उठवल्यामुळे सुधारली.

शेतकऱ्याला काय मिळते

आता जन्माच्या दाखल्यावरचे दुसरे नाव पाहा. शेतीसाठी मोसमी पावसाचा पहिला अंदाज १८८६ साली निघाला. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी तो हिमालयावरच्या बर्फावरून काढला. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ पडल्यावर गिल्बर्ट वॉकर यांना विलायतेतून आणले. ते १९०४ ते १९२४ पर्यंत खात्याचे प्रमुख होते. आपला पाऊस ठरतो कसा, याचा शोध घेताना त्यांना प्रशांत महासागराच्या दोन टोकांचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यासारखा वरखाली होतो, हे सापडले. साऱ्या जगात आज एल निनोचे जे शास्त्र शिकवतात, त्याचा एक पाया हिंदुस्थानच्या दुष्काळी शेतकऱ्याच्या नावाने केलेल्या या कामात आहे. शोध जगाला मिळाला. शेतकऱ्याला काय मिळाले?

त्याला मिळाला तो एप्रिल महिन्यातला आकडा. "यंदा देशात पाऊस सरासरीच्या अमुक टक्के." ९६ ते १०४ टक्क्यांत पडला की त्याला म्हणायचे सर्वसाधारण. १९८८ साली वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे गणित बसवले. बरीच वर्षे त्याची वाहवा झाली. २००२ साली त्या गणिताने सांगितले १०१ टक्के. पडला ८१ टक्के. त्या जुलैत सरासरीच्या जेमतेम निम्माच पाऊस झाला. सरकी जमिनीत भाजून निघाली. २००९ साली एप्रिलमध्ये सांगितले ९६, पडला ७८.

पण आमची मुख्य तक्रार अंदाज चुकतो ही नाही. बरोबर आला तरी तो आमच्या कामाचा नाही, ही आहे. समजा एका गावची चार महिन्यांची सरासरी ७०० मिलिमीटर. मृगात ८० मिलिमीटर पडला, वाफसा आला, शेतकऱ्याने सरकी टोबली, ज्वारी पेरली. मग २५ दिवस आभाळ कोरडे. पीक करपले, दुबार पेरणी केली. ऑगस्ट-सप्टेंबरात चार दणक्यांत ६२० मिलिमीटर कोसळला. बेरीज ७००. सरासरीच्या शंभर टक्के. खात्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला, आणि शेतकरी दोनदा मेला. पावसाच्या बेरजेवर पीक येत नाही, पावसाच्या वाटपावर येते. हे आमच्या आज्याला माहीत होते.

रोजच्या बातमीपत्राची भाषाही तपासा. "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता." तुरळक म्हणजे किती? खात्याच्या व्याख्येप्रमाणे एकूण मोजणी केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर. पाव ते निम्म्या केंद्रांवर पडला तर काही ठिकाणी. पाऊण केंद्रांच्या वर गेला तर बहुतेक ठिकाणी. ही व्याख्या किती शेतकऱ्यांना कोणी समजावून दिली? तुरळक म्हटले की ज्याच्या शेतात पडला तो म्हणतो खरे, ज्याच्या शेतात नाही तो म्हणतो खोटे. आणि दोघांचेही काम अडलेलेच राहते.

म्हणून २०१७ च्या जुलैत बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावचे शेतकरी थेट पोलीस ठाण्यात गेले. चांगल्या पावसाचा अंदाज दिला, त्या भरवशावर आम्ही पेरले, बी-खताचा पैसा मातीत गेला, सबब हवामान खात्यावर गुन्हा नोंदवा, अशी तक्रार त्यांनी दिली. शहरातल्या पत्रांनी ती गंमत म्हणून छापली. आम्हाला त्यात गंमत दिसत नाही. अंदाज चुकला म्हणून शास्त्रज्ञाला बेड्या घाला, असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या माणसाचे नुकसान होते त्याला विचारण्याची जागा पोलीस ठाण्याशिवाय दुसरी उरलेली नाही, हे त्या तक्रारीने दाखवले.

समुद्राचे सोपे आणि रानाचे अवघड, हे कितपत खरे?

खात्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. समुद्राचा वारा आणि लाट शेकडो मैलांवर जवळपास सारखी असते. डोंगर नाही, झाड नाही, अडथळा नाही. म्हणून ती दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी नेमकी सांगता येते. रानावरचा पाऊस ढगागणिक वेगळा. एका शिवारात ओढा वाहतो आणि बांधापलीकडे धूळ उडते. आमच्या गटनंबरावर मंगळवारी दुपारी किती पडेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. तसे सांगतो म्हणणारा ठकवतो आहे.

पण पेरणी करणाऱ्याला गटनंबराचा अंदाज नकोच आहे. त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे आहे : पेरल्यावर पुढचे दोन-तीन आठवडे पाऊस लागून राहील, की खंड पडेल? आणि या प्रश्नाचे उत्तर ढगात नसून समुद्रात आहे.

हवा दिवसात बदलते, समुद्र सावकाश बदलतो. तापलेले पाणी महिनोन्‌महिने तापलेले राहते आणि वरच्या हवेला वळण लावते. पेरू देशाच्या बाजूचा प्रशांत महासागर तापला की एल निनो. पावसाचे ढग तिकडे ओढले जातात आणि आपल्याकडे तूट येण्याचा संभव वाढतो. पण संभवच वाढतो, खात्री होत नाही. १९९७ साली जबरदस्त एल निनो होता, तरी देशाचा पाऊस सरासरीला उतरला. कारण हिंदी महासागराचा आफ्रिकेकडचा भाग त्या वर्षी तापलेला होता आणि सुमात्राकडचा थंड होता. या दुसऱ्या पारड्याचा नीट उलगडा १९९९ साली झाला. तिसरी गोष्ट म्हणजे विषुववृत्तालगत पूर्वेकडे सरकत जाणारा ढगांचा पट्टा. तो तीस ते साठ दिवसांत पृथ्वीला फेरी घालतो. हिंदी महासागरावर आला की आपल्याकडे पावसाला जोर, पुढे निघून गेला की खंडाची शक्यता.

या समुद्री हालचालींवर आधारलेला चार आठवड्यांचा अंदाज हवामान खाते आणि पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था दर गुरुवारी काढतात. पहिल्या दोन आठवड्यांचा तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो, पुढे भरवसा कमी होतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या उपयोगाची हीच एक चीज आहे. आणि तीच त्याच्यापर्यंत सर्वांत कमी पोचते. एप्रिलचा आकडा पहिल्या पानावर छापतात. गुरुवारचा अंदाज नकाशात, रंगांत आणि इंग्रजी परिभाषेत पडून राहतो.

मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकोनाचा अंदाज देणारी नवी प्रणाली सुरू झाली. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये हवामानासाठी दोन हजार कोटींची मोहीम मंजूर झाली. यंत्रे आली, संगणक आले. पण जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात बसून तो अंदाज कापसाच्या आणि ज्वारीच्या भाषेत उतरवून सांगणारी, देशभरातली सुमारे दोनशे जिल्हा कृषी हवामान केंद्रे त्याच २०२४ साली बंद करण्यात आली. विहीर खणली आणि मोट विकली, असा हा कारभार.

वादळ किनाऱ्याला लागत नाही, तरी रान बुडते

समुद्राचा इशारा फक्त किनाऱ्यासाठी असतो, ही समजूत २०१९ ने खोटी ठरवली. त्या ऑक्टोबरात क्यार नावाचे महाचक्रीवादळ अरबी समुद्रात उठले. पाठोपाठ महा आले. क्यार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलेही नाही, समुद्रातच विरले. पण त्या दिवसांतल्या पावसाने वेचणीला आलेली बोंडे झाडावर भिजली, खरिपाच्या ज्वारीची कणसे काळी पडली, कापून टाकलेल्या ज्वारीला मोड आले, कडबा सडला. ३२५ तालुक्यांत ५४ लाख हेक्टरांवर नुकसान झाल्याचा सरकारी आकडा होता.

कोळ्याला त्या दिवसांत निरोप होता : परत फिरा. ज्याची ज्वारी कापून रानात पसरलेली होती, त्याला "सुडी घाल, झाकून टाक, वेचणी आज उरक" हे त्याच ठामपणे सांगण्याची जबाबदारी कोणाची? वादळ एकच, समुद्र एकच, खाते एकच. एकाला आज्ञार्थी वाक्य आणि दुसऱ्याला "काही ठिकाणी मेघगर्जनेसह" हा भेद का? अरबी समुद्र तापत चालला आहे आणि तिथली वादळे वाढली आहेत, असे पुण्याचेच शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे २०१९ पुन्हा येणार.

इशारा ऐकण्याची ऐपत

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले. त्याचे इशारे काही दिवस आधीपासून निघत होते. तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाच्या बार्जवर २६१ माणसे होती. बार्जचा नांगर सुटला, बार्ज बुडाला, सत्तरच्या वर माणसे गेली. इशारा नव्हता म्हणून नाही गेली. ज्याचा जीव जायचा होता त्याच्या हातात निर्णय नव्हता, म्हणून गेली.

शेतकऱ्याचे तेच आहे. पुढे तीन आठवडे खंड आहे असे उद्या देवाने येऊन सांगितले, तरी उधारीवर आणलेले बी, ठरवून ठेवलेली तिफण, अडून बसलेला सावकार आणि जूनमध्येच मिळाले तर मिळणारे पीककर्ज, या सगळ्यांचा रेटा त्याला पेरायलाच लावतो. कोळी होडी बांधून ठेवतो तेव्हा त्याचा एक दिवस जातो. शेतकऱ्याने पेरणीचा वाफसा सोडला तर वर्ष जाते. अंदाज पाळायलाही गाठीला चार पैसे लागतात. ते पैसे मालाच्या भावातून येतात. भाव नाही आणि अंदाज आहे, ही अर्धीच मदत झाली.

उलट, अंदाज आमच्यावरच उलटतो, असाही अनुभव आहे. २०२३ साली एल निनोची चर्चा होती. ऑगस्ट तर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरकारने काय केले? २० जुलैला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. म्हणजे समुद्र तापल्याची बातमी शेतकऱ्याला सावध करायला वापरली नाही, शहराला स्वस्त खाऊ घालायला वापरली. पीक बुडण्याचा धोका आमचा. टंचाईमुळे दोन पैसे जास्त मिळण्याची वेळ आली की ते मात्र सरकार अडवणार. गाठीमागे रुपया कापून चाळी बांधणाऱ्या गोऱ्या साहेबाचा कारभार आणि हा कारभार, यांत कातडीच्या रंगाचा फरक आहे.

आमच्या मागण्या

वरळीच्या कोळ्यांकडून एक धडा घेण्यासारखा आहे. किनारा रस्त्याच्या पुलाचे दोन खांब साठ मीटर अंतरावर उभे राहणार होते. एवढ्याशा फटीतून उसळत्या लाटेत होडी काढता येणार नाही, खांबावर आपटेल, असे ते सांगत राहिले. तज्ज्ञांनी आधी ऐकले नाही. कोळी हटले नाहीत. समुद्रात होड्या आडव्या घातल्या. २०२२ च्या अखेरीस अंतर १२० मीटर करायचे कबूल झाले. त्यांनी समुद्राचे स्वतःचे ज्ञान आकड्यात मांडले आणि त्याला संघटनेचे बळ दिले. आपणही तेच करायचे आहे. जिल्हा मेळाव्यांपुढे आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत.

१. बंद केलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रे पुन्हा सुरू करा. त्यांत कापूस आणि ज्वारी जाणणारा माणूस बसवा.

२. मासेमाराला जसा वेगळा इशारा निघतो, तसा कोरडवाहू पिकांसाठी वेगळा इशारा काढा. तालुका, तारखा आणि करायचे काम स्पष्ट लिहा : पेरणी थांबवा, वेचणी उरका, कापलेले झाका.

३. दर गुरुवारचा अंदाज साध्या मराठीत बाजार समितीच्या फाटकावर, जिनिंगच्या दारात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. खंडाची शक्यता दहात किती, हे सांगा. "शक्यता आहे" एवढे पुरे नाही.

४. मागच्या दहा वर्षांत कोणता अंदाज किती वेळा खरा ठरला, याचा तालुकावार तक्ता दरवर्षी मे महिन्यात जाहीर करा. भरवसा किती ठेवायचा ते शेतकरी ठरवील.

५. महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. त्यांची रोजची नोंद गावात लावा. विम्याच्या वेळी वेगळा आकडा निघता कामा नये.

६. पावसाच्या अंदाजाच्या जोरावर निर्यातबंदी, साठामर्यादा किंवा आयातीची सवलत लादू नका.

मागण्या सरकारकडे. पण एक काम आपले आपण करायचे. एका मंडळात दहा-पंधरा गावे असतात आणि एकच मापक असतो. म्हणून प्रत्येक शाखेने गावात एक पर्जन्यमापक ठेवावा. तो विकत घेता आला नाही तर सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्या जागी, झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे आणि डबा रिता करावा. डब्यात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. वहीत तीन रकाने आखा : तारीख, अंदाज काय होता, पडला किती. चौथा रकाना पिकाच्या अवस्थेचा. हे काम शाळेत जाणारी पोरगीही करील, आणि आमच्या अनुभवाने तीच सर्वांत चोख करील.

एका हंगामाच्या अशा शंभर वह्या जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवल्या, तर "तुमच्या मंडळात सरासरी गाठली आहे" असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. विमा कंपनीचीही नाही.

हवामान खात्याच्या जन्माच्या दाखल्यावर दोन नावे आहेत, असे आम्ही वर म्हटले. एका नावाचे काम दीडशे वर्षांत बरेच पुढे गेले. दुसऱ्या नावाचे मागून घ्यावे लागेल. पुढच्या जिल्हा मेळाव्याला येताना वही आणा.